फारशीचा विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन

दहावीचा निकाल लागला की आपल्या नांदेड-लातूरकडच्या घराघरांतून पहिला प्रश्न निघतो तो टक्क्यांचा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, मुलगा आता कोणता ग्रुप घेणार? लातूरला नंबर लागेल का, क्लासची फी किती, खोलीचे भाडे किती, मेसचा डबा किती, याची चर्चा मग पंधरा-पंधरा दिवस चालते. गणित सोडावे तर आय.आय.टी.चे दार उघडत नाही, आणि दोन्ही ग्रुप घ्यावेत तर मुलाची ओढाताण होते. भाषेचा विषय निवडतानासुद्धा तो आवडतो की नाही हे कोणी विचारीत नाही, त्यात गुण सुटे पडतात की नाही एवढेच पाहिले जाते. संस्कृत घेणारी कितीतरी मुले आज याच हिशेबाने संस्कृत घेतात.

अशा दिवसांत एका विद्यार्थ्याची हकिकत आपल्यापुढे ठेवावीशी वाटते. त्याला मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हिशेब केला तर शेकडा साडेसदतीसच्या थोडे वर. त्याला संस्कृत हवे होते, पण ते मिळाले नाही म्हणून फारशी घ्यावी लागली. एवढ्या भांडवलावर तो पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला आणि दोन्ही ठिकाणच्या सर्वोच्च पदव्या घेऊन आला. नाव सर्वांना ठाऊक आहे, भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या चळवळीवर आणि राज्यघटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शाळामास्तराच्या नजरेने त्यांची गुणपत्रिका मात्र फारशी कोणी पाहात नाही. ती येथे पाहू.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. शिक्षकाच्या घरात जन्मलेल्या मुलाला जे मिळते ते भीमरावांना मिळाले. पहाटेचा अभ्यास होता, पाठांतर होते, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके होती आणि इंग्रजी वाचनमालेची घोकंपट्टीही होती. बाकी मात्र काही नव्हते. आई भीमाबाई १८९६ मध्येच गेल्या. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात अलीकडे हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना वर्गाच्या एका बाजूला, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची सोय नव्हती. दुसऱ्या कोणी पाणी वरून ओतले तरच प्यायचे.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास हे सर्व त्या एकाच खोलीत होई. वडिलांनी युक्ती काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे, रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवावे आणि घर शांत असेतो रॉकेलच्या दिव्याजवळ त्याने वाचीत बसावे. नवे पुस्तक हवे झाले की सुभेदार मुलींच्या घरी जात, त्यांचा एखादा दागिना उसना आणीत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक विकत घेऊन येत. वाचकहो, आज क्लासच्या फीसाठी शेत गहाण टाकणारे बाप आपल्या पाहण्यात आहेत. तेव्हा ही गोष्ट कोणा परक्या माणसाची आहे असे समजू नये.

नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. सरकारी शाळा, शहरातील नामांकित. पण तेथेही फळ्यावर गणित सोडवायला भीमराव उठले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे मुलांनी घाईघाईने बाजूला काढले, ही हकिकत त्यांच्या चरित्रांतून प्रसिद्ध आहे.

आता विषयांच्या निवडीकडे येऊ. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठच घेत असे आणि इंग्रजीखेरीज एक दुसरी भाषा घ्यावी लागे. संस्कृत ही प्रतिष्ठेची भाषा. वडिलांची इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावे. थोरल्या भावाने तसा प्रयत्न केला, तेव्हा संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्याच्या मुलाला ती भाषा शिकविण्यास नकार दिला. भाऊ फारशीकडे वळला. भीमरावांची पाळी आली तेव्हा त्यांनाही तेच करावे लागले. एका शिक्षकाच्या नकाराने दोन भावांच्या विषयांची निवड ठरून गेली. विद्यापीठाच्या नियमात अशी बंदी कोठेच नव्हती.

या नकाराची किंमत केवळ मानापमानात मोजून चालणार नाही. मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे, आणि त्या काळच्या महाराष्ट्रात तिच्याइतका मान दुसऱ्या कशाला नसे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख हिचेच मानकरी. पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले, आय.सी.एस. झाले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिले नाही त्याच्यासाठी ही वाट मॅट्रिकच्या आधीच बंद झाली होती. विषय निवडताना मुलगा केवळ एक पुस्तक निवडीत नसतो, त्या पुस्तकामागे उभी असलेली शिष्यवृत्ती, प्राध्यापक आणि ओळखीही निवडीत असतो. भीमरावांना ही निवड करूच दिली गेली नाही.

मात्र फारशीने त्यांना नकार दिला नाही. तो वर्ग खुला होता आणि शिकविणारे शिक्षक जात विचारीत नव्हते. जो विषय नाइलाजाने घ्यावा लागला त्यातच भीमरावांनी चांगले गुण मिळविले. आपल्या भागातील ज्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी मदरशात किंवा निजामाच्या शाळेत गुलिस्तान-बोस्तान वाचले, त्यांना यात एक वेगळी आपुलकी वाटेल. पण त्या आपुलकीपायी त्यांच्यावर झालेला अन्याय विसरून चालणार नाही. संस्कृतची ओढ त्यांना शेवटपर्यंत होती. ती भाषा त्यांनी पुढे स्वतःच्या मेहनतीने अभ्यासली, आणि १९४९ मध्ये संस्कृत ही भारताची राजभाषा व्हावी या सूचनेला त्यांनी पाठिंबा दिला होता.

१९०७ साली मॅट्रिकचा निकाल लागला. गुण २८२. गुणवत्ता यादीत नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही अस्पृश्य समाजातील मुलगा मॅट्रिक होणे ही इतकी दुर्मीळ घटना होती की मुंबईत त्यांचा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी समाजसुधारक सी. के. बोले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचीत बसणारा हा मुलगा केळुसकर मास्तरांच्या नजरेत आधीच भरलेला होता. क्रमिक पुस्तकापेक्षा अवांतर वाचनाकडे या विद्यार्थ्याचा ओढा होता आणि त्याचे थोडेफार प्रतिबिंब गुणपत्रिकेत पडले असावे, असे मला शिक्षक या नात्याने वाटते. असे विद्यार्थी प्रत्येक शाळेत एक-दोन असतात. त्यांना ओळखणारा केळुसकर मात्र प्रत्येक शाळेत असतोच असे नाही.

मॅट्रिकनंतर एल्फिन्स्टन कॉलेज. इंटरपर्यंत वडिलांनी कसेबसे निभावले, पुढे पैसा संपला. केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची मदत सुरू झाली. प्रा. म्युलर पुस्तके आणि कपडे देत. फारशीला प्रा. इराणी होते. १९१२ साली भीमराव इंग्रजी व फारशी हे विषय घेऊन बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण लगेच वडील आजारी असल्याची बातमी आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले. रात्री दोनला मुलाला उठविणाऱ्या त्या बापाला त्याचे परदेशगमन पाहता आले नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले. भीमराव त्यांना मुंबईत भेटले. कोणता विषय घेणार आणि त्याचा उपयोग काय करणार, असे महाराजांनी विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त हे विषय घेऊन आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग शोधू, असे उत्तर त्यांनी दिले. बी.ए.ला ज्यांनी इंग्रजी आणि फारशी वाङ्मय घेतले, ते आता राज्याच्या जमाखर्चाचे शास्त्र शिकायला निघाले होते. आपल्याकडे आज दहावीला घेतलेला ग्रुप जन्माचा शिक्का मानला जातो. तेव्हा हा सांधा कसा बदलला ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. पदवीवर कोलंबियाच्या पदव्युत्तर विभागात प्रवेश मिळाला. सुरुवातीचे काही महिने मित्रांच्या गप्पागोष्टींत आणि नव्या मोकळेपणात गेले, हे त्यांच्या चरित्रकारांनीच नमूद केले आहे. तेथे कोणी बाजूला बसविणारे नव्हते, हवे ते खाता येत होते, हवे तेथे बसता येत होते. मग एके दिवशी आपण येथे कशासाठी आलो याची जाणीव झाली, आणि त्यानंतर दिवसाचे अठरा तास अभ्यास सुरू झाला. नवल भथेना हा पारशी सहाध्यायी त्यांचा जन्माचा मित्र झाला.

कोलंबियातील विषयांची यादी उपलब्ध आहे आणि ती पाहून शिक्षकाला हेवा वाटतो. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक प्राथमिक अभ्यासक्रम. अर्थशास्त्राला सेलिग्मन होते, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई. तेथे विद्यार्थी आपल्या मुख्य विषयाभोवती दुसरे विषय गोळा करू शकत असे, आणि भीमरावांनी ते अधाशीपणाने गोळा केले. १९१५ मध्ये अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विषयाच्या वर्गात वाचलेला हा निबंध आज शंभर वर्षांनंतरही अभ्यासिला जातो.

वाचकहो, येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. २८२ गुणांची गोष्ट ऐकून गुणांना किंमत नाही असा अर्थ एखादा विद्यार्थी काढील. तो चुकीचा आहे. ते २८२ गुण उत्तीर्ण होण्यास पुरेसे होते. ते तसे नसते तर कॉलेज नाही, बी.ए. नाही आणि बडोद्याची शिष्यवृत्तीही नाही. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा दाखला लागलाच. मॅट्रिकवर कॉलेज, बी.ए.वर कोलंबिया आणि कोलंबियावर लंडन. फरक इतकाच की त्या काळी दाखल्याबरोबर माणूसही पाहिला जाई. केळुसकरांनी मुलगा पाहिला, महाराजांनी त्याचे उत्तर ऐकले, सेलिग्मनांनी त्याचे काम पाहून लंडनच्या प्राध्यापकांकडे शिफारस केली. आज नीटच्या यादीत केवळ आकडा असतो. लाखो मुले असल्यावर दुसरे काय करणार, हेही खरे. आणि त्या जुन्या पद्धतीची गोडवी गाण्याचेही कारण नाही. केळुसकर भेटले नाहीत अशी किती हुशार मुले त्याच परळच्या चाळींतून गिरणीत गेली, त्यांची नोंद कोणीच ठेवली नाही.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावे लागले. त्यांचे काही सामान व पुस्तके असलेले जहाज महायुद्धात पाणतीराने बुडविले गेले. बडोद्यात एवढ्या मोठ्या विद्वानाला राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकीत. पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले, तेव्हा एका झाडाखाली बसून ते रडले. कोलंबियाच्या पदवीचा भाव बडोद्याच्या रस्त्यावर काही नव्हता.

पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, भथेनांनी कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांना रुचला नाही, तो पुन्हा लिहावा लागला. पैसा संपल्यामुळे १९२३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी दुरुस्ती करून तो परत पाठविला आणि त्याच वर्षी लंडनची डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ मध्ये हाती आली, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज पदवी देत नसत. १९१३ मध्ये मुंबईचा किनारा सोडल्यापासून हे सर्व पुरे होण्यास चौदा वर्षे लागली. दोन वर्षांत क्लास लावून नंबर लागला नाही म्हणून खचून जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

स्वतः वाङ्मय आणि अर्थशास्त्र शिकलेल्या या गृहस्थांनी पुढे आपल्या समाजासाठी काय मागितले, हे विषयांच्या निवडीसंबंधी फार बोलके आहे. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन त्यांनी सरकारला दिले. शिक्षणासाठी दरवर्षी तीन लाख रुपये मागितले, त्यांपैकी दोन लाख शास्त्र आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी, आणि एक लाख इंग्लंड, युरोप, अमेरिकेतील विद्यापीठांत जाणाऱ्यांसाठी. कला आणि कायदा शिकून पदवीधर होणे एकवेळ गरिबाला जमते, पण शास्त्र-तंत्राचे शिक्षण त्याच्या आवाक्याबाहेर असते, ही त्यामागची दृष्टी होती. केळुसकर भेटण्याच्या योगायोगावर जे स्वतःला मिळाले, ते इतरांना सरकारी तिजोरीतून नियमाने मिळावे अशी व्यवस्था त्यांनी केली. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची सरकारी योजना १९४४ मध्ये सुरू झाली.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १९४८ पूर्वी आपला मुलुख हैदराबाद संस्थानात होता. पदवीसाठी हैदराबादला, १९१८ पासून उर्दू माध्यमातून चालणाऱ्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागे. ज्याला उर्दू येत नसे त्याच्या गुणांना तेथे अर्थ नव्हता. ज्याची ती मायबोली होती त्यालाही गाव सोडून जाण्याचा खर्च झेपत नसे. म्हणजे येथेही भाषा आणि पैसा हेच दाराशी उभे होते. संस्थान विलीन झाल्यावर १९५० मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रयत्नाने पीपल्स कॉलेज निघाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील इमारतीची कोनशिला बसविली गेली. दिल्ली-मुंबई सोडून बाबासाहेब या मागास मुलखात येऊन राहात, झाडे लावीत, बांधकामाची पाहणी करीत. महाविद्यालयाला त्यांनी पुढे मिलिंद हे नाव दिले. प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे हे नाव होय. प्रवेशासाठी जातीची अट ठेवली नाही. नांदेड, परभणी, लातूरकडची, खेड्यांतून आलेली, मॅट्रिकला कसेबसे उत्तीर्ण झालेली कितीतरी मुले तेथे शिकून शिक्षक, लेखक आणि अधिकारी झाली.

कोलंबियाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. ही सन्मानदर्शक पदवी दिली. १२ जानेवारी १९५३ रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट्. देऊन त्यांचा गौरव केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळाने केला तेव्हा आपल्याच जिल्ह्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले, आणि नांदेड-लातूरची मुले आता तेथून पदवी घेतात.